गावठाण वगळून

महाराष्ट्रात एखाद्या विकासकाला खेड्याच्या शिवारात नवे नगर वसवायचे असेल, तर त्याने पाणी किती आणि कुठून आणावे हे नियमात लिहिलेले आहे. दर माणशी रोज किमान १४० लिटर. आग विझवायला आणि बागांना लागणारे पाणी त्याहून वेगळे. आणि हे पाणी जमिनीखालून उपसलेले चालणार नाही. विशेष नगर वसाहतींसाठी २००५-०६ च्या सुमारास जी नियमावली आली, तिच्यात ही अट होती. अट शहाणपणाची आहे. नव्या वस्तीच्या बोअरवेलनी शेजारच्या गावाच्या विहिरी कोरड्या पडू नयेत, एवढा विचार ती लिहिणाऱ्याने केला होता. पण त्याच शिवारातल्या गावठाणात राहणाऱ्या माणसासाठी सरकारी पाणीयोजनेचे माप निराळे आहे. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एकाच ओढ्याच्या दोन काठांवर, एकाच पावसाखाली, एका घराचा हक्क दुसऱ्याच्या अडीचपट. आणि ज्याच्या वाट्याला ५५ लिटर आले, त्याच्याच जुन्या शेतावर बहुतेक वेळा दुसऱ्याची इमारत उभी असते.

हा भेद कुणी आकसाने केलेला नाही. दोन खात्यांचे दोन नियम आहेत आणि ते एकमेकांना भेटत नाहीत, कारण नगर वसाहतीच्या नियमाच्या दृष्टीने ते गाव तिथे नसतेच. त्याच नियमावलीत वसाहतीच्या हद्दीत काय घेऊ नये याची लांब यादी होती: वने, नद्या, कालवे, धरणांचे काठ, ऐतिहासिक स्थळांभोवतीचा पट्टा, वन्यजीवांचे मार्ग, आणि गावठाण. यादी करणाऱ्याचा हेतू गावाला वाचवण्याचा असेल. पण जंगल वगळले तर जंगल टिकते. गाव वगळले की गावाला सांडपाण्याची वाहिनी मिळत नाही, रुंद रस्ता मिळत नाही, वाढायला जागा मिळत नाही. त्याच्या तिन्ही बाजूंना नगर येते आणि गाव मात्र नकाशावरचा पांढरा ठिपका होऊन राहते.

हा प्रश्न आज पुन्हा तातडीचा झाला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. बोलीभाषेत त्याला तिसरी मुंबई म्हणतात. तिकडे सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतली २३५ गावे नव्या महाबळेश्वरच्या आराखड्यात आली आहेत. दोन्ही ठिकाणी लोक हरकती घेत आहेत. या हरकतींना विकासाचा विरोध म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. माझे म्हणणे असे की नव्या नगरांचे आपले नियम गावाला वगळून लिहिले गेले आहेत, म्हणून प्रत्येक नगराच्या वाट्याला तेच भांडण पुन्हा येते; आणि ही रीत बदलायची असेल तर ती पहिली रेघ ओढण्याआधी बदलावी लागेल.

गाव आणि नगर यांच्यातली ही भिंत आपल्याकडे फार जुनी नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी नावाच्या गावाच्या जागी राजधानी वसवली, तेव्हा त्याने आधी पाण्याचा बंदोबस्त केला. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून वस्तीत खेळवले. त्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली तरी नहर-ए-अंबरीचे अवशेष शहरात आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. त्यानंतर दक्षिणेकडे नव्या पेठा उभ्या राहू शकल्या. पाणी आधी आणि पेठ नंतर, हा क्रम तेव्हाच्या कारभाऱ्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

पेठ वसवण्याचीही एक रीत होती. मोकळ्या रानात पेठ बसवायची तर सरकारातून कौल दिला जाई. बाहेरून येणाऱ्या उदमी आणि कारागिरांना पहिली काही वर्षे करमाफी, मग इस्ताव्याने दरसाल थोडा थोडा चढता कर. पेठेची व्यवस्था पाहायला शेटे आणि महाजन, आणि त्यांना त्याबद्दल ठरलेले हक्क. खाली दुकान, वर बिऱ्हाड, परसात माग किंवा भट्टी. आज ज्याला मिश्र वापर म्हणून वेगळे कलम लागते, तो वापर तेव्हा गृहीतच होता. शिवाय कौलात एक गोष्ट उघड होती: सवलत येऊन राहणाऱ्याला मिळे, कारण त्याच्या राहण्यानेच पेठ होणार होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पेठा आणि आळ्या जातीने बांधलेल्या होत्या, आणि महारवाडा-मांगवाडा वेशीबाहेरच राहिला. माणसांना वगळून वस्ती रचणे आपल्याला इंग्रजांनी शिकवलेले नाही. पण मूळ गावाचे काय झाले, एवढा एक मुद्दा पाहिला तर त्या काळाकडून घेण्यासारखे काही आहे. पुण्यात कसबा मधोमध राहिला आणि पेठा त्याला जोडत गेल्या. शहर वाढले तसे कसब्याचे महत्त्व वाढले; गणेशोत्सवात कसब्याच्या गणपतीला ग्रामदैवत म्हणून आजही पहिला मान आहे.

आधुनिक काळात हाच विचार सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो तो राजर्षी शाहू महाराजांच्या कामात. १८९५ साली त्यांनी कोल्हापूरजवळ शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. मग १९१७ च्या सुमारास, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, शिरोळच्या माळावर त्यांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवायला घेतले. सरळ रुंद रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, गल्ल्यांना क्रमांक, मधे बाजार. आजही पत्ता सांगताना तिथे गल्लीचा क्रमांक सांगतात. जागा निवडताना महाराजांनी सुपीक मळ्याऐवजी माळ घेतला आणि गावाचे पोट कशावर भरेल हे आधी ठरवले: आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल रेल्वेपर्यंत नेणाऱ्या व्यापारावर. नगर भोवतालच्या खेड्यांसाठी होते. शंभर वर्षांनंतर ते नाते तुटलेले नाही. उसाच्या दराचा वाद पेटला की शेतकऱ्यांची ऊस परिषद जयसिंगपूरच्याच मैदानावर भरते. ज्या नव्या नगरात आसपासचा शेतकरी हक्काने येऊन बसतो, ते नगर आपल्या जागी रुजले असे मानायला हरकत नसावी.

औंध संस्थानात किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर उभी राहिली. प्रवरानगर तर शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास लोणीत सहकारी साखर कारखाना चालू केला आणि त्याच्याभोवती शाळा, दवाखाना, महाविद्यालये, बाजार येत गेले. वारणानगर याच वाटेने गेले. या ठिकाणांसाठी कोणतीही नगर वसाहत नियमावली नव्हती. सहकाराचे पुढे काय झाले, कोणाच्या हाती कारखाने गेले, याची चर्चा वेगळी आणि कडू आहे. तरी कारखान्याचा सभासद हाच नगराचा मालक असल्यामुळे लोणी गावाला वगळून प्रवरानगर आखण्याची कल्पनाही कुणाला सुचली नसती.

कायद्याच्या बाजूनेही सुरुवात चांगली होती. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्यावरून तो बेतला होता, आणि त्या कायद्यामागे एबेनेझर हॉवर्डच्या उद्याननगरांचे वारे होते. हॉवर्डने १८९८ साली मांडलेले तत्त्व साधे होते: शेतजमिनीवर नगर उभे राहिले की जमिनीची किंमत वाढते, ती वाढ त्या नगरातल्या लोकांच्या कामी यावी. इंग्लंडमधले लेचवर्थ हे नगर १९०३ पासून त्याच तत्त्वावर बांधले गेले. आपल्याकडच्या कायद्याने त्याला एक वेगळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे वळण दिले. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाच्या तुकड्यातून थोडी थोडी काढायची, आणि वेड्यावाकड्या शेतांच्या जागी प्रत्येक मालकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. किंमत वाढली त्यातला काही भाग योजनेच्या खर्चासाठी घ्यायचा, उरलेला मालकाचा. मालक तिथेच राहतो. पुण्यात शिवाजीनगर, म्हणजे तेव्हाचे भांबुर्डे, आणि एरंडवणे असेच शेतातून शहर झाले. तिथल्या जुन्या बंगल्यांच्या पत्त्यात अजून फायनल प्लॉट नंबर लिहितात.

या पद्धतीला दोष होते. लवादापुढे प्रकरणे वर्षानुवर्षे चालत. योजना मंजूर होईपर्यंत मूळ मालक वारलेला असे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा एकीकडे आणि भावकीच्या वाटण्या दुसरीकडे, यांत अर्ध्या एकराच्या मालकाला काय परत द्यायचे हा प्रश्नही खराच. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी महाराष्ट्राने ही वाट जवळपास सोडून दिली. गुजरातने, ज्याला हाच कायदा मुंबई राज्याकडून वारशाने मिळाला होता, ती धरून ठेवली आणि अहमदाबादचा मोठा भाग तिच्यावर उभा केला. आपण १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा केला, त्यात नवनगरांचे स्वतंत्र प्रकरण घातले, आणि त्या प्रकरणाच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा दिला.

नवी मुंबईची कहाणी इथे थोडी थांबून पाहावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. कल्पनेत उदात्त काही होते: मुंबईवरचा भार कमी करायचा, आणि जमिनीची किंमत वाढेल तिच्यातून नव्या शहराचा खर्च भागवायचा. १७ मार्च १९७० ला त्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतली ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. आगरी-कोळ्यांची भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठ. शेते संपादित झाली आणि गावठाणे वगळली गेली.

त्या वगळण्याचा अर्थ पुढच्या पन्नास वर्षांत उलगडत गेला. किंमतवाढीतून शहर उभे राहिले, पण ती वाढ ज्याच्या शेतातून निघाली त्याचा वाटा मुळात ठरलाच नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि परिसरात शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून तो मागितला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले आणि १९९० मध्ये ते सरकारी धोरण झाले. संपादनाला तोवर वीस वर्षे होऊन गेली होती. साडेबारातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जाऊन हातात पावणेनऊ टक्के येत. तोवर वारस वाढलेले, भूखंडाची सोडत लांबलेली, आणि अनेकांनी ताबा मिळण्याआधीच साठेखत करून हक्क विकलेला. शिवाय वाटा जमिनीच्या प्रमाणात. ज्या कोळ्याचे शेत म्हणजे खाडीच होती, त्याचा हिशेब या सूत्रात कधी नीट बसला नाही.

आणि गावठाण? घरात मुले वाढली, लग्ने झाली, खोल्या हव्या झाल्या. गावठाणाची हद्द ब्रिटिश काळापासून होती तिथेच. मग लोकांनी हद्दीबाहेर, आपल्याच पण कागदोपत्री सिडकोच्या झालेल्या जमिनीवर घरे बांधली. सरकारी भाषेत ती अनधिकृत, आणि गावकऱ्यांच्या भाषेत गरजेपोटी बांधलेली. ती नियमित करण्याचे निर्णय एकामागून एक निघत राहिले. २०२२ मध्येही निघाला. देशातल्या सर्वांत नियोजित म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शहरात मूळ रहिवासीच बेकायदा ठरला. १९७० च्या नकाशात प्रत्येक गावठाणाभोवती पुढच्या दोन पिढ्यांपुरती जागा राखली असती, तर या वादाचे मूळच राहिले नसते. ३४४ चौरस किलोमीटरमध्ये तेवढी जागा निघाली नसती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणखी एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. म्हणजे पंचवीस वर्षे शहराचा आराखडा, जमिनीचे वाटप, बांधकामाच्या परवानग्या हे सगळे निवडून न आलेल्या महामंडळाकडे होते. पनवेलला तर महानगरपालिका यायला २०१६ उजाडले.

संपादनाला एवढा विरोध झाल्यावर सरकारने दुसरी दिशा धरली: आपण मधे पडायचे नाही, विकासकाने थेट जमीन विकत घ्यावी. त्या दिशेला बळ देणारे उदाहरण पुण्याजवळ घडले होते. हडपसरला मगर कुटुंबीय आणि इतर शेतकरी, मिळून सुमारे सव्वाशे घरे, यांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकायची नाही असे ठरवले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि मगरपट्टा सिटी उभी केली. घरे, कार्यालये, शाळा, रुग्णालय, बाग एकाच आवारात. शेतकऱ्यांच्या मुलांनी बांधकामाची छोटी-मोठी कंत्राटे घेतली. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी याच धर्तीवर झाली. भूमिहीन मजुराला या योजनेत भाग नव्हता, हे खरे; शेजारी वाढते शहर होते आणि भावकी एकजुटीची होती, हेही खरे. तरीही एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: जमीन न विकता शेतकरी नगराचा मालक होऊ शकतो.

मगरपट्ट्याकडे पाहून सरकारने विशेष नगर वसाहतींची जी नियमावली केली तिने त्यातले सलग क्षेत्र उचलले आणि शेतकऱ्यांची मालकी मागे ठेवली. किमान ४० हेक्टर सलग क्षेत्र दाखवा, पुरेशा रुंदीचा पोहोच रस्ता दाखवा, की शेतीचा हिरवा पट्टाही नगराला खुला. अकृषिक परवानगी वेगळी मागायला नको, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येईल, कमाल जमीनधारणेची अडचण नाही, मुद्रांक शुल्कात सूट. पूर्वीच्या कौलातली सवलत राहायला येणाऱ्याला होती. ही सवलत जमीन जमा करणाऱ्याला आहे. २०१६ मध्ये एकात्मिक नगर वसाहत धोरण आले, २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ते सामावून घेतले, दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी घरांची अट घातली. या सुधारणा चांगल्या आहेत. पण सलग क्षेत्राची अट गावात काय करते, हे शिवारात फिरल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक सातबारा महत्त्वाचा होतो, दलाल घरोघरी जातात, कुलमुखत्यारपत्रे होतात, मधला एक तुकडा न देणाऱ्या भावावर बाकीचे भाऊ दडपण आणतात. ज्याने आधी विकले त्याला सर्वांत कमी मिळाले, असे चित्र बहुतेक ठिकाणी. कायद्याने २०१३ मध्ये भूसंपादनासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि वाढीव मोबदला आणला. खासगी खरेदीला त्यातले काहीच आपोआप लागू होत नाही.

लवासा हे खासगी गिरिस्थान म्हणजे या वाटेचे शेवटचे टोक. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली अठरा गावे, वरसगाव धरणाचा काठ, १९९६ चे गिरिस्थान धोरण. २००८ साली कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. बांधणारा आणि परवानगी देणारा एकच झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितले. २०१७ मध्ये राज्याने प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोसे खोऱ्यातल्या दासवे आणि मुगाव या गावांना या सगळ्यात विचारणारा कोण होता? शंभर वर्षांपूर्वी शेजारच्या मुळा खोऱ्यात सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही प्रश्न हाच होता की डोंगरातल्या माणसाची जमीन दूरच्या शहराच्या कामासाठी घेताना त्याला हिशेबात धरायचे की नाही. पश्चिम घाटात यापुढे नवी गिरिस्थाने नकोत, असे माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सुचवले होते. त्यानंतर २३५ गावांवर नवे महाबळेश्वर आखताना ती शिफारस कोणत्या कारणाने मागे पडली, हे सरकारने लोकांपुढे मांडायला हवे.

गेल्या दहा वर्षांत राज्य पुन्हा नगररचना योजनांकडे वळले, ही आशेची बाब आहे. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोने, म्हाळुंगे-माणला पुणे महानगर प्रदेश प्राधिकरणाने या योजना घेतल्या. नैनामध्ये मालकाला साधारण चाळीस टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत मिळतो. आकडा पुरेसा आहे का, यावर तिथले शेतकरी भांडत आहेत आणि त्यांनी भांडावे. निदान वाटा आधी ठरतो आणि मग काम सुरू होते. समृद्धी महामार्गाच्या वेळी हीच गोष्ट उलट बाजूने दिसली. ७०१ किलोमीटरच्या रस्त्यालगत कृषी समृद्धी नवनगरे येणार होती आणि जमिनीच्या बदल्यात त्यांत विकसित भूखंड देऊ केले होते. जिरायतीला पंचवीस टक्के, बागायतीला तीस. बहुसंख्य शेतकऱ्यांनी रोख मोबदला घेतला. जून २०२५ मध्ये रस्ता पूर्ण खुला झाला, नवनगरे मात्र बहुतांशी कागदावरच आहेत. त्यात शेतकऱ्याची घाई मला दिसत नाही. जासईपासून त्याने जे पाहिले, त्यावरून त्याने भूखंडाच्या आश्वासनाची किंमत केली.

आणि नगरे आपली वाट पाहत थांबलेली नाहीत. २००१ ते २०११ या दशकात देशातल्या जनगणना नगरांची संख्या १,३६२ वरून ३,८९४ झाली. म्हणजे लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती रोजगार यांच्या निकषावर शहर झालेली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच असलेली ठिकाणे. चाकणच्या, वाघोलीच्या बाजूने जाताना ती ओळखू येतात: गुंठ्या-गुंठ्याने विकलेली शेते, तळमजल्यावर दुकाने, वर भाड्याच्या खोल्या, मधून टँकर. मिश्र वापर तिथे आपोआप झालेला आहे. गटार आणि रस्ता तेवढे झालेले नाहीत. नवनगराचा नियम लिहिताना डोळ्यांपुढे मोकळी जमीन ठेवण्याऐवजी ही गावे ठेवली, तर नियमाची सगळी मांडणी बदलेल.

तिसऱ्या मुंबईच्या १२४ गावांपासून ती बदलता येईल. आराखड्याची पहिली पत्रिका गावठाणांची असावी: आजची मोजणी, गरजेपोटी झालेली घरे, त्यांभोवती वाढीची जागा, स्मशान, गुरचरण, देवराई, कातकरी वाड्या, खाडीवर उतरायच्या वाटा. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. तंत्राची अडचण नाही. पाणी आणि सांडपाणी यांचे माप नगराला आणि गावाला एकच असावे, आणि गावाची जोडणी पहिल्या टप्प्यात व्हावी. जमीनमालकाचा वाटा नगररचना योजनेने ठरावा, खासगी वसाहतीतही. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही पण पोट त्या शिवारावर आहे, अशा मजुराचा, मच्छीमाराचा, कातकऱ्याचा हक्क घराच्या आणि गाळ्याच्या रूपाने त्याच योजनेत लिहावा. खर्च कुठून येईल असे विचारले जाईल. जमिनीच्या वाढत्या किमतीतून, जसा १९१५ पासून या कायद्याचा दावा आहे.

राहिला कारभार. ग्रामीणातून नागरी होत असलेल्या क्षेत्रासाठी नगर पंचायत असावी, अशी तरतूद चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्येच केली आहे. नवी मुंबईसारखी पंचवीस वर्षे थांबण्याचे कारण तेव्हाही नव्हते. नवनगराची अधिसूचना निघाल्यापासून तिथल्या सरपंचांना नियोजन प्राधिकरणावर मताधिकारासह बसवावे, आणि पहिल्या टप्प्यातल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी जुनी गावे आणि नव्या इमारती यांची मिळून एकच निवडणूक घेतली जावी, एकाच मतदारयादीवर.